दुखापतीतून सावरताना घरातला सायकल ट्रेनर कसा निवडावा

सायकल ट्रेनर म्हणजे आपली सायकल पक्की बसवून घरात जागच्या जागी चालवण्याचे यंत्र. त्याच्या खोक्यावर जे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, ते सगळे ताकद दाखवणारे असतात. जास्तीत जास्त २००० वॅट, २० टक्के चढाचा भास, वॅटच्या मोजणीत एक टक्क्याची अचूकता, असा तो थाट असतो. गुडघ्याचे लिगामेंट नुकतेच जोडून घेतलेल्या किंवा कॉलरबोनला प्लेट बसवलेल्या सायकलस्वाराला यांतल्या एकाही आकड्याचा उपयोग नाही. त्याला नेमके उलटे प्रश्न विचारायचे असतात: हे यंत्र कमीत कमी किती भारावर चालते, त्या हलक्या भारावरही पेडल झटके न देता फिरते का, कळ आली तर पाय त्याच क्षणी थांबवता येतो का, आणि एकाच पायावर किंवा एकाच हातावर विसंबून त्यावर चढता-उतरता येते का. पुढच्या सर्व पायऱ्या या चार प्रश्नांभोवती रचल्या आहेत. वाचकाकडे स्वतःची सायकल आहे, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर होऊन गेले आहे आणि डॉक्टरांनी सायकलला तत्त्वतः होकार दिला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: दुकानाआधी फिजिओथेरपिस्ट

"सायकल चालवली तर चालेल का?" हा प्रश्न अपुरा आहे, कारण त्याचे उत्तर बहुधा "हळूहळू चालवा" असे मिळते आणि त्यावरून कोणता ट्रेनर घ्यावा हे ठरत नाही. ज्याचे उत्तर अंशांत, मिनिटांत किंवा आठवड्यांत देता येईल, असेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

गुडघ्याच्या दुखापतीत पहिला आकडा वाकण्याचा असतो. पेडल सर्वांत वर असताना पूर्ण फेरी पार करण्यासाठी गुडघा साधारणपणे १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. आपला गुडघा सध्या किती वाकतो, हे फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याचे साधन, लावून मिनिटभरात सांगू शकतात. ९० अंशांवर अडकलेला गुडघा पेडलवर ठेवून जबरदस्तीने फेरी पूर्ण करायला गेले, की त्या बाजूची कंबर सीटवरून उचलली जाते आणि व्यायाम गुडघ्याचा न होता कमरेचा होतो. या टप्प्यावर पेडल अर्धे पुढे आणि अर्धे मागे झुलवण्याचा व्यायाम देतात. तो दवाखान्यातल्या साध्या व्यायामसायकलवरही होतो, त्यासाठी ट्रेनर विकत घेण्याची घाई करू नये. एरवी गुडघ्यासाठी सायकल हा सोसणारा व्यायाम आहे यात शंका नाही. बसून हलके पेडल मारताना गुडघ्याच्या सांध्यावर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या आसपास असतो, तर सपाट रस्त्यावर चालताना तो दुपटीहून अधिक असतो. एसीएल या गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर स्थिर सायकल लवकर सुचवली जाते, त्यामागे बसून पेडल मारताना त्या लिगामेंटवर फारसा ताण येत नाही हेही कारण आहे.

कॉलरबोन, मनगट किंवा कोपर मोडले असेल, तर पायांना मोकळीक असते. पण हातावर किती वजन टाकता येईल हे विचारावे लागते. कॉलरबोन जुळायला प्रौढ माणसाला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि त्या काळात हँडलवर रेलणे, तसेच जोर लावताना हँडल ओढणे, या दोन्ही गोष्टी त्या हाडावर ताण आणतात. खुब्याचा सांधा बदललेला असल्यास मांडी किती वर घेता येईल याची मर्यादा विचारावी. काही प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर ती ९० अंशांची असते, आणि ट्रेनरवर पुढे झुकून बसले तरी मांडी आणि धड यांमधला कोन कमी होतो ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे गुडघा वर आला नाही तरी पाठ खाली गेल्याने मर्यादा ओलांडली जाऊ शकते. घोट्याची किंवा टाचेच्या शिरेची दुखापत असल्यास पायाच्या चवड्याने दाब देण्याची परवानगी कधीपासून आहे ते विचारावे. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला असेल, तर पडद्यावर धावणारा आभासी रस्ता पाहूनच डोके गरगरू शकते. अशा वेळी पडदा बंद ठेवूनच सुरुवात करावी आणि तीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

दुसरी पायरी: ट्रेनरच हवा का, हे ठरवणे

बरे होणाऱ्या प्रत्येकाला ट्रेनर लागतोच असे नाही. ट्रेनरवर आपली नेहमीची सायकल बसते, तिची मापे शरीराच्या ओळखीची असतात आणि बरे झाल्यावरही पावसाळ्यात तिचा उपयोग होतो, हे त्याचे मोठे फायदे आहेत. पण सायकलच्या वरच्या दांड्यावरून पाय पलीकडे टाकता येत नसेल, किंवा पाठ टेकून बसण्याचीच गरज असेल, तर मागे टेकू असलेली रिकंबंट व्यायामसायकल हाच योग्य पर्याय ठरतो. ती दोन-तीन महिने भाड्याने मिळाली तर आणखी चांगले, कारण एवढ्या मोठ्या वस्तूचे पुढे कपडे वाळत घालण्याच्या स्टँडमध्ये रूपांतर होते हे आपल्या घरोघरी दिसतेच.

दोन यंत्रांपासून मात्र सुरुवातीच्या काळात लांब राहावे. पहिले म्हणजे जिममधील स्पिन बाइक. तिचे जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारे चाक, बहुतेक वेळा पेडलशी थेट जोडलेले असते. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे पाय थांबवला की चाक मोकळे फिरत राहील, अशी सोय त्यात नसते. कळ आली म्हणून पाय थांबवायला गेले, तरी १५-२० किलोंचे फिरते चाक तो पाय ओढून पुढच्या फेरीत नेते. ब्रेकची कळ दाबल्याशिवाय ते थांबत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमका तेवढाच क्षण महागात पडतो. दुसरे यंत्र म्हणजे आपल्याकडे घरगुती वापरासाठी खूप विकली जाणारी, हलत्या हँडलची एअर बाइक. तिची हँडल पेडलबरोबर पुढे-मागे होतात, त्यामुळे खांद्याच्या रुग्णाच्या हाताला नको तेव्हा व्यायाम घडतो. काही मॉडेलांत हात स्थिर ठेवायला वेगळी पकड असते. घ्यायचीच झाली तर ती आहे का ते पाहावे.

तिसरी पायरी: ट्रेनरचे प्रकार आणि आपली दुखापत

रोलर्स, म्हणजे तीन दंडगोलांवर मोकळी सायकल तोल सांभाळत चालवण्याचा प्रकार, येथे विचारातच घेऊ नये. उरतात दोन घराणी. पहिल्यात सायकलचे मागचे चाक तसेच राहते, त्याची आस चौकटीत पकडली जाते आणि टायर एका छोट्या रोलरवर दाबून फिरतो. यातल्या चुंबकीय ट्रेनरवर भार कमी-जास्त करायला एक खटका असतो, तर फ्लुइड ट्रेनरमध्ये तेलासारख्या द्रवात फिरणाऱ्या पात्यांमुळे वेग वाढेल तसा भार आपोआप वाढतो. दुसरे घराणे डायरेक्ट ड्राइव्हचे. त्यात मागचे चाक काढून ठेवायचे आणि साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्र्यांच्या संचावर, चढवायची. हे ट्रेनर बहुतेक सगळे 'स्मार्ट' असतात, म्हणजे मोबाइल किंवा संगणकावरील ॲप ब्लूटूथ अथवा अँट प्लस या बिनतारी जोडणीद्वारे त्यांचा भार नियंत्रित करते. वाहू, टॅक्स, एलीट, सारिस ही या क्षेत्रातली परिचित नावे आहेत. त्यांपैकी टॅक्स ही कंपनी २०१९ पासून गार्मिनच्या मालकीची आहे.

पैशांचा फरक मोठा आहे. साधा चुंबकीय ट्रेनर दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतो, तर चांगला डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर पाऊण लाखापासून पुढे लाखाच्या घरात जातो. दुखापतीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरते पाहिले, तर महागडा ट्रेनर आपोआप अधिक सुरक्षित ठरत नाही. काही बाबतींत तर साधा फ्लुइड ट्रेनरच उजवा ठरतो. ते कसे, हे पुढच्या पायरीत पाहू. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

चौथी पायरी: कमीत कमी भार तपासणे

सुरुवातीच्या दिवसांत ३० ते ५० वॅट एवढाच भार बहुतेकांना पुरेसा असतो. मैदानी रस्त्यावर रमतगमत सायकल चालवताना यापेक्षा जास्त वॅट सहज खर्च होतात, यावरून तो किती हलका आहे याची कल्पना यावी. प्रश्न असा, की ट्रेनर एवढ्या खाली उतरतो का.

फ्लुइड ट्रेनरचे गणित स्वच्छ असते. कुर्ट कायनेटिकच्या 'रोड मशीन' या जुन्या, नावाजलेल्या ट्रेनरचे सूत्र जाहीर आहे. त्यानुसार चाकाचा वेग ताशी ८ किलोमीटर असताना सुमारे ३० वॅट लागतात, १६ किलोमीटरला ७० च्या थोडे वर, आणि ३२ किलोमीटरला २६० वॅट. पुढे ३४ दातांची आणि मागे ३२ दातांची चक्री असेल आणि पेडल मिनिटाला ६० वेळा फिरत असेल, तर सातशे सी या रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या चाकाचा वेग ताशी जवळपास ८ किलोमीटरच होतो. म्हणजे सर्वांत हलका गिअर लावून सावकाश पाय फिरवले, की भार आपोआप ३० वॅटच्या आसपास राहतो. पाय मंदावला की भार कमी होतो, पाय थांबला की भार संपतो. दुखऱ्या पायाला हवे असते ते हेच. चुंबकीय ट्रेनर खटका सर्वांत खालच्या खाचेवर ठेवल्यास असाच वागतो, पण स्वस्त नमुन्यांत फ्लायव्हील फारच हलके असते. त्यामुळे पेडल वर आणि खाली असताना, म्हणजे ज्या दोन बिंदूंवर पायाचा जोर लागत नाही तिथे, चाक मंदावते आणि प्रत्येक फेरीत ते नव्याने ढकलावे लागते. निरोगी माणसाला हे जाणवले तरी बोचत नाही. मांडीचा स्नायू रोडावलेल्या माणसाला मात्र प्रत्येक फेरीत गुडघ्यापाशी बारीक हिसका बसतो.

स्मार्ट ट्रेनरचे फ्लायव्हील जड असल्याने, म्हणजे मधल्या किमतीच्या नमुन्यांत पाच-सहा किलो आणि वरच्या नमुन्यांत सातच्या आसपास, फेरी गोल आणि मऊ होते. पण येथे एक पेच आहे. फ्लायव्हीलचा फायदा ते वेगाने फिरत असतानाच मिळतो, आणि ते वेगाने फिरवायचे तर जड गिअर लावावा लागतो. जड गिअरमध्ये मात्र अनेक ट्रेनर ठरावीक वॅटच्या खाली उतरू शकत नाहीत. हलका गिअर लावला तर भार खाली येतो, पण फेरी पुन्हा थोडी खडबडीत होते. प्रत्येक मॉडेलवर या दोहोंतला मध्य वेगळ्या ठिकाणी असतो, म्हणून तो स्वतः पाय फिरवूनच शोधावा लागतो. दुकानात किंवा मित्राकडे ट्रेनर पाहायला गेल्यावर ॲपमधून लक्ष्य ४० वॅट ठेवावे, पुढची लहान चक्री लावावी, मिनिटाला ६० ते ७० फेऱ्यांनी पाच मिनिटे पाय फिरवावेत आणि पडद्यावरचा प्रत्यक्ष आकडा ४० च्या जवळ स्थिरावतो की ७०-८० वर अडकतो ते पाहावे. अडकत असेल तर तो ट्रेनर कितीही नावाजलेला असो, आपल्या उपयोगाचा नाही. निदान सध्या तरी नाही.

याहून गंभीर बाब ईआरजी नावाच्या मोडची आहे. या मोडमध्ये ट्रेनर वॅट कायम ठेवतो, मग पेडल कितीही वेगाने फिरो. वॅट म्हणजे पेडलवरचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. त्यामुळे वेग कमी झाला की तेवढेच वॅट भरून काढण्यासाठी ट्रेनर जोर वाढवतो. १०० वॅट धरून मिनिटाला ९० फेऱ्या मारताना क्रँकवर, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर, सुमारे १०.६ न्यूटन-मीटर पीळ लागतो. गुडघ्यात कळ येऊन फेऱ्या ५० वर आल्या, की हाच पीळ १९ न्यूटन-मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. जो पाय दुखतोय म्हणून मंदावला, त्याच्यावरच यंत्र दुप्पट ओझे टाकते. त्याने पाय आणखी मंदावतो आणि भार आणखी वाढतो. निरोगी सायकलस्वार या चक्रात सापडला तर वैतागून पाय थांबवतो. नुकत्याच जुळलेल्या लिगामेंटला तेवढी सवलत नसते. म्हणून स्मार्ट ट्रेनर घेतला तरी पहिले काही आठवडे ईआरजी बंद ठेवून स्थिर पातळीचा, म्हणजे ॲपमध्ये बहुधा 'रेझिस्टन्स' किंवा 'लेव्हल' या नावाने दिसणारा मोड वापरावा. खरेदी करताना ही पातळी हाताने ठरवता येते का आणि ती विनाशुल्क ॲपमधून ठरवता येते का, याची खात्री करून घ्यावी. मासिक वर्गणी भरल्याशिवाय भार कमी करता येत नसेल तर तो खर्चही किमतीत धरावा लागेल.

अचूकतेबद्दल एवढेच सांगणे पुरे, की एक टक्का आणि अडीच टक्के यांतला फरक या काळात कोणालाही जाणवणार नाही. आजचा ४० वॅट आणि पुढच्या आठवड्यातला ४० वॅट सारखाच असावा, एवढेच महत्त्वाचे आहे. चाक दाबून चालणाऱ्या ट्रेनरवर टायरमधील हवा आणि रोलरचा दाब बदलला की भार बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी हवा मोजावी आणि दाबाचा स्क्रू टायर टेकल्यानंतर ठरलेले तेवढेच आटे फिरवावा. डावा पाय किती जोर लावतो आणि उजवा किती, हे दाखवणारे ट्रेनरचे आकडे बहुतेक वेळा अंदाजावर आधारलेले असतात. कोणता पाय किती सावरला, हे त्यांवरून ठरवू नये. त्यासाठी दोन्ही पेडलांत स्वतंत्र मापक असावा लागतो, किंवा फिजिओथेरपिस्टकडची चाचणी.

पाचवी पायरी: आपली सायकल त्यावर बसते का

महाराष्ट्रात रोजच्या वापरातल्या कितीतरी हायब्रिड सायकली सात गिअरच्या असतात आणि त्यांच्या मागच्या चाकावर कॅसेट नसून आट्यांवर बसणारा फ्रीव्हील असतो. तो काढून डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर चढवता येत नाही. उपाय असा, की ट्रेनरच्या ८ ते ११ स्पीड फ्रीहबवर, म्हणजे कॅसेट जिच्यावर सरकवून बसवतात त्या खाचांच्या नळीवर, वेगळी सात स्पीड कॅसेट घ्यावी आणि तिच्या मागे ४.५ मिलिमीटरची रिंग घालावी. फ्रीहब ११ स्पीडच्या लांबीचा असल्यास आणखी १.८५ मिलिमीटरची रिंग लागते. चक्र्यांमधले अंतर जुळत असल्याने सायकलचे गिअर नीट बदलतात. हे काम चेन व्हिप हे अवजार आणि कॅसेट आवळून धरणाऱ्या लॉकरिंगचा पाना यांच्या मदतीने होते; खांदा किंवा मनगट दुखावलेल्याने ते स्वतः करू नये, कारण लॉकरिंग सोडवताना दोन्ही हातांनी उलटसुलट जोर लावावा लागतो. ट्रेनरबरोबर कॅसेट येते की वेगळी घ्यावी लागते, हेही आधीच विचारावे.

आसेचे माप दुसरे. रोड सायकलला क्विक रिलीज, म्हणजे हाताच्या खटक्याने उघडणारी आस, असल्यास १३० मिलिमीटर, बऱ्याच हायब्रिड आणि माउंटन सायकलींना १३५, आणि डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना १४२ मिलिमीटरचा १२ मिलिमीटर जाडीचा थ्रू एक्सल, म्हणजे चौकटीतून आरपार जाणारा दांडा, असतो. प्रत्येकासाठी वेगळे अडॅप्टर असते. नटबोल्टची आस असलेली सायकल चाक दाबणाऱ्या ट्रेनरवर लावायची तर त्याच्या पकडीत बसेल असा खास नट किंवा क्विक रिलीज लावून घ्यावा लागतो. माउंटन सायकलच्या खाचांचा टायर रोलरवर चालवू नये. तो घरघरतो, थरथरतो आणि ती थरथर सीटमार्गे पाठीत उतरते. गुळगुळीत टायर बसवून घ्यावा. कार्बनची सायकल असल्यास ट्रेनरवर वापरल्याने तिची हमी जाते का, हे सायकल कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

सहावी पायरी: चढणे, उतरणे आणि जागा

ट्रेनरमधून सर्वाधिक धोका पेडल मारताना नसतो, उतरताना असतो. मागचे चाक किंवा त्याच्या जागी असलेला ट्रेनर जमिनीपासून थोडा उंच असतो, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल सपाट करतात, आणि एकूण सीटची उंची नेहमीपेक्षा काही सेंटिमीटर वाढते. शिवाय सायकल आडवी कलत नाही. रस्त्यावर आपण नकळत सायकल आपल्याकडे झुकवून पाय टाकतो. येथे ती सोय नाही.

त्यामुळे सायकल भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावी आणि बाजूला रुंद, न घसरणारा, एक पायरीचा भक्कम पाट किंवा स्टूल ठेवावा. ज्या बाजूने चढायचे त्या बाजूचा पाय संपूर्ण वजन पेलणार असतो, म्हणून चढण्या-उतरण्याची बाजू सवयीवर सोडू नये. धडधाकट पाय पाटावर राहील अशीच बाजू निवडावी. उजवा गुडघा दुखावला असेल तर डावीकडून, डावा दुखावला असेल तर उजवीकडून. सायकल जागच्या जागी पक्की असल्याने उजवीकडून चढायला काहीच अडचण नाही, फक्त सुरुवातीला विचित्र वाटते. दुखरा पाय दांड्यावरून इतका उचलता येत नसेल, तर घरातली वाकड्या दांड्याची लेडीज सायकल ट्रेनरला लावावी. वेगाची नड नसलेल्या या दिवसांत तिच्यासारखी सोयीची सायकल दुसरी नाही. एका हाताने आधार घेणाऱ्याने हँडलला न धरता भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला धरावे, आणि पहिल्या काही वेळा घरात कोणी तरी असतानाच चढावे.

ट्रेनरचे पाय जितके रुंद पसरतील तितका तो स्थिर. दुकानात सीटवर बसून, पेडल न मारता, अंग डावी-उजवीकडे टाकून पाहावे. एखादा पाय फरशीवरून उचलला गेला तर तो ट्रेनर नको. फरशी खालीवर असेल तर पायांखाली फिरवून उंची जुळवणारे गुटके असलेला नमुना निवडावा. पाठदुखीच्या रुग्णांना उलट अगदी जखडलेली सायकल त्रास देते, कारण बैठकीचा दाब एकाच जागी राहतो. त्यांच्यासाठी थोडा डुलणारा पाया असलेले ट्रेनर असतात. पण कॉलरबोनवाल्यांनी ते घेऊ नयेत.

वजनाचा विचार दोन्ही बाजूंनी करावा. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर साधारण १८ ते २२ किलोंचे असतात. रोज रात्री पलंगाखाली सरकवायचा आणि सकाळी बाहेर काढायचा, असा बेत ज्याची पाठ, खांदा किंवा पोटाची शस्त्रक्रिया अजून भरून आलेली नाही त्याने करू नये. घरात कायमची दीड बाय दोन मीटरची जागा निघत नसेल तर आठ-दहा किलोंचा घडीचा ट्रेनर बरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आवाजाचा प्रश्न आहेच: हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून खालच्या घरात उतरणारी घरघर शेजाऱ्यांना जास्त जाणवते, म्हणून जाड रबरी चटई ही चैन समजू नये. पंखा छताचा पुरत नाही. समोरून छातीवर येणारा टेबलफॅन लागतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घाम हँडलच्या बोल्टांवर ठिबकून ते गंजतात, तेव्हा हँडलवर टॉवेल टाकावा. वीज जाण्याचा प्रश्न असलेल्या गावांत स्मार्ट ट्रेनर इन्व्हर्टरवर जोडावा. चालू असताना वीज गेली की त्याचे भारावरचे नियंत्रण सुटते. फ्लुइड आणि साध्या चुंबकीय ट्रेनरला वीज लागतच नाही.

सातवी पायरी: सीट, क्रँक आणि पेडल

ट्रेनर घरी आल्यावर सायकल जशी रस्त्यावर होती तशीच लावणे हे गुडघ्याच्या रुग्णांसाठी बरोबर नाही. वाकण्याची मर्यादा असेल तर सीट नेहमीपेक्षा थोडी उंच ठेवावी, म्हणजे पेडल वर असताना गुडघा कमी वाकतो. पण पेडल खाली असताना कंबर डुलू लागली तर ती जास्त उंच झाली. पेडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, हे नेहमीचे प्रमाण आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते. मागच्या बाजूस ओढ बसत असेल तर ती फार वर असते.

याहून परिणामकारक उपाय आखूड क्रँकचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. क्रँक १७० ऐवजी १५० मिलिमीटरचा लावला, की पेडल वर असताना २० मिलिमीटर खाली येते. तळाशी ते २० मिलिमीटर वर राहत असल्याने सीटही तेवढीच उंच करता येते. म्हणजे गुडघ्याला आणि खुब्याला वरच्या बिंदूवर ४० मिलिमीटरची जागा मिळते. मुलांच्या सायकलींसाठी मिळणारे आखूड क्रँक, किंवा मूळ क्रँकवर बसवायचे छिद्रांचे जोड, यांतून हे थोड्या पैशांत साधते.

पेडल सपाट लावावेत. क्लिपच्या पेडलमधून बूट सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला पिळावी लागते, आणि हाच पीळ लिगामेंट व कूर्चेच्या दुखापतींत वर्ज्य असतो. टाचेची शीर दुखावली असेल तर पेडलचा आस चवड्याखाली न घेता तळव्याच्या मध्याखाली घ्यावा. त्याने पोटरीवरचा भार कमी होतो. खांदा किंवा पाठ दुखत असेल तर पुढच्या चाकाखाली नेहमीपेक्षा उंच ठोकळा ठेवून आणि हँडल वर करून अंग सरळ ठेवावे.

आठवी पायरी: कोठून घ्यावा

२०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी ट्रेनर घेतले आणि त्यांतले बरेच आज धूळ खात आहेत, त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिकच्या सायकल गटांत जुने ट्रेनर विकायला येत असतात. तात्पुरत्या गरजेला ते उत्तम. घेताना फ्लुइडचा ट्रेनर उलटा करून तेलाचे ओघळ पाहावेत, रोलर हाताने हलवून तो आसेवर डगडगतो का ते तपासावे, आणि डायरेक्ट ड्राइव्हचा असल्यास कॅसेट उतरवून फ्रीहबवरील खाचा झिजल्या आहेत का ते पाहावे. वीजजोडणीचा अडॅप्टर मूळचाच आहे ना, आणि ट्रेनर आपल्या मोबाइलशी तिथेच जोडला जातो ना, हे विक्रेत्यासमोर करून घ्यावे. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून ट्रेनर मागवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. विमानाची बॅग २३ किलोंची, ट्रेनर २०-२२ किलोंचा. बॅग संपली, सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहिला, आणि बिघाड झाल्यास येथे हमी मिळेलच असे नाही. भाच्याकडे दुसरे काही तरी मागावे.

नववी पायरी: पहिले काही आठवडे

सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, भाराशिवाय किंवा सर्वांत हलक्या भारावर करावी. आधी मिनिटे वाढवावीत, मग पेडलच्या फेऱ्यांचा वेग आणि सर्वांत शेवटी वॅट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे त्रास झाल्यास कारण सापडते. चालवताना दुखणे दहापैकी तीनच्या आत असावे आणि ते २४ तासांत पूर्ववत व्हावे, हा फिजिओथेरपीत सर्रास वापरला जाणारा निकष आहे. गुडघ्यासाठी त्याहून विश्वासू साक्षीदार म्हणजे सूज. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर टेपने वाटीच्या मध्यावर दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजावा आणि तारखेसह लिहावा. दुखऱ्या गुडघ्याचा घेर आदल्या सकाळपेक्षा वाढला असेल तर त्या दिवशी ट्रेनर बंद. पोटरी अचानक सुजणे, गरम होणे, दाबल्यावर दुखणे किंवा धाप लागणे यांचा संबंध रक्ताच्या गुठळीशी असू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत असे झाल्यास वाट न पाहता रुग्णालयात जावे.

झ्विफ्टसारख्या ॲपवरच्या शर्यती या काळात मोबाइलवर उघडूच नयेत. समोरचा आभासी स्वार पुढे गेला की पाय आपोआप जोर लावतो, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेली मर्यादा त्या क्षणी कोणाला आठवत नाही. हाडांच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी: सायकलमुळे हाडांना चालण्यासारखा भार मिळत नाही, त्यामुळे ट्रेनरवर घाम गाळला म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले चालणे किंवा ताकदीचे व्यायाम वगळू नयेत. सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारणे सर्वांत शेवटी ठेवावे. त्यात संपूर्ण शरीराचे वजन एका गुडघ्यावर आणि ओढ दोन्ही खांद्यांवर येते, आणि ट्रेनरची सायकल डावी-उजवीकडे कलत नसल्याने ही ओढ रस्त्यापेक्षाही जास्त जाणवते. त्याची तारीख फिजिओथेरपिस्टकडून घ्यावी, आणि तोपर्यंत घेराच्या नोंदींची वही प्रत्येक भेटीला सोबत न्यावी.